पद्मिनीचे सीबी पॉइंट स्वतः कसे लावायचे: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

बाबांची १९८६ ची पद्मिनी माझ्याकडे आली तेव्हा ती सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय उठायची नाही, चढावर मिसिंग मारायची आणि सिग्नलला उभी असताना थरथरायची. गॅरेजवाल्याने तीन वेळा कार्ब्युरेटर खोलला, तीन वेळा पैसे घेतले, आठ दिवस बरी चालायची की परत तेच. शेवटी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर बंदच पडली. मागून येणारे एक वयस्कर टॅक्सीवाले काका थांबले, त्यांनी प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आत बघितलं आणि म्हणाले, "बेटा, पॉइंट बंद झालाय, गॅपच राहिली नाही." पॉइंट म्हणजे सीबी पॉइंट, कॉन्टॅक्ट ब्रेकर, डिस्ट्रिब्युटरमधला उघड-मीट होणारा छोटा स्विच, आणि तो उघडल्यावर त्याच्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे गॅप. दहा मिनिटांत गाडी चालू. त्या दिवसापासून हे काम मी स्वतः करते, आणि ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे पण बॉनेट उघडायची भीती वाटते त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय.

मी पद्मिनीबद्दल लिहितेय कारण तीच मला नीट माहितीये. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून बनलेली ही गाडी, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं सरळ इंजिन. अँबॅसिडर, जुनी जीप, स्टँडर्ड हेराल्ड यांचंही तत्त्व हेच आहे, फक्त आकडे आपापल्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

आधी समजून घ्या, पॉइंट करतो काय

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण हे कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

बॅटरी १२ व्होल्टची, पण प्लगला ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो आणि तिच्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पॉइंट उघडला की करंट झटकन तुटतो, ते क्षेत्र कोसळतं आणि त्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत प्रचंड व्होल्टेज तयार होतं. म्हणजे ठिणगी पॉइंट उघडताना पडते, मिटताना नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते, लावताना सगळं यावरच आहे.

पॉइंट उघडतो तो डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरच्या चार कोनांच्या कॅममुळे. पॉइंटच्या हलत्या पात्याला एक फायबरची टाच असते, ती कॅमवर घासत राहते. इंजिन ३००० आरपीएमला असेल तर पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतो, सेकंदाला शंभर वेळा. टाच हळूहळू झिजते, गॅप कमी होत जाते आणि गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे टायमिंगही मागे पडतं. हे इतकं हळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही, वाटतं गाडी म्हातारी झाली.

शेजारी असतो तो छोटा डब्यासारखा कंडेन्सर. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडू नये म्हणून तो असतो. तो गेला की पॉइंट जळायला लागतात.

काय काय लागेल

- नवा पॉइंट सेट आणि नवा कंडेन्सर. जुना डिस्ट्रिब्युटरवरून काढून सोबत न्या, कारण पद्मिनीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कंपनीचे डिस्ट्रिब्युटर आलेत आणि दुकानदार "हाच लागतो" म्हणून काहीही देतो. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधलं तर अजून मिळतात
- फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, मिलिमीटरचे आकडे लिहिलेला
- एक आखूड चपटा स्क्रू ड्रायव्हर, एक लांब
- लहान पान्यांचा सेट, प्लग पाना
- १२ व्होल्टचा टेस्ट बल्ब, म्हणजे इंडिकेटरचा साधा बल्ब आणि दोन वायरी, घरीच करा
- स्वच्छ सुती फडकं, थोडं पेट्रोल, थोडं ग्रीस, इंजिन ऑइलचे दोन थेंब
- मास्किंग टेप आणि पेन
- गाडीचं मॅन्युअल. नसेल तर आधी ते मिळवा, झेरॉक्स चालेल
- जमलं तर टायमिंग लाइट (चालू इंजिनवर टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) आणि ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते दाखवणारा), पण यांच्याशिवायही काम होतं

फोनने प्रत्येक पायरीला फोटो काढत चला. कुठली वायर कुठे होती हे अर्ध्या तासाने कुणालाच आठवत नाही.

१. खरंच पॉइंटचाच प्रॉब्लेम आहे का बघा

इंजिन थंड असू द्या. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ज्यातून पाच जाड वायरी निघतात ते काळं झाकण असलेलं भांडं, काही मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. वायरींना हात लावण्याआधी टेपवर १, २, ३, ४ लिहून प्रत्येकीला चिकटवा. एक नंबरचं सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचं, आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२. वायरींची अदलाबदल झाली की गाडी चालू होत नाही किंवा कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात, आणि माणूस दिवसभर पॉइंटलाच दोष देत बसतो.

झाकणाच्या क्लिपा काढा, झाकण वायरींसकट बाजूला ठेवा, रोटर, म्हणजे दांड्याच्या टोकावरचा फिरणारा तुकडा, वर ओढून काढा. झाकणाच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर तो तडा आहे, त्यातून करंट पळतो, झाकण बदला. मधला कार्बन शाबूत आहे ना तेही बघा.

आता स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट हलकेच उघडून टोकं बघा. राखाडी रंग म्हणजे ठीक. निळसर काळी पडलीत तर आत तेल-ग्रीस गेलंय किंवा कंडेन्सर खराब आहे. एका टोकावर डोंगर आणि समोरच्यावर खड्डा झाला असेल तर धातू एकीकडून दुसरीकडे सरकलाय, असा पॉइंट मी घासत बसत नाही, बदलते. कारण खड्डा असलेल्या पॉइंटमध्ये फिलर गेज घातला तर तो डोंगराच्या डोक्यावर टेकतो, आणि आकडा बरोबर दिसला तरी खरी गॅप त्याहून जास्त असते.

२. जुना पॉइंट काढा

चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. पॉइंटला धरून ठेवणारे एक-दोन छोटे स्क्रू असतात. ते काढताना खालच्या भोकात पडले तर डिस्ट्रिब्युटर बाहेर काढावा लागतो, म्हणून आधी बेसप्लेटवरच्या, म्हणजे पॉइंट ज्या पत्र्यावर बसतो त्यावरच्या, मोकळ्या जागेत फडक्याचा छोटा बोळा खुपसून ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला थोडं ग्रीस लावा, स्क्रू चिकटून वर येतो.

वायरींचा क्रम बघून ठेवा. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून येणारी वायर या तिघी एकमेकींना चिकटलेल्या हव्यात, पण बॉडीला यातली एकही लागता कामा नये. त्यासाठी प्लास्टिकचे छोटे वॉशर असतात. त्यातला एक चुकीच्या जागी बसला की करंट कायमचा बॉडीला अर्थ होतो आणि ठिणगीच पडत नाही, किंवा वायर वॉशरच्या पलीकडे राहिली तर जोडच लागत नाही. माझ्या पहिल्या वेळी गाडी चालू झाली नाही ती याच कारणाने. दोन तास गेले, मग फोटो मोठा करून बघितला तेव्हा कळलं.

३. नवा बसवा

नव्या पॉइंटच्या टोकांवर गंजू नये म्हणून पातळ थर दिलेला असतो, तो पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून टाका. हे कुणी सांगत नाही आणि मग नवा पॉइंट लावूनही गाडी उठत नाही.

बसवताना दोन्ही टोकं समोरासमोर सपाट टेकतात का बघा. तिरकी टेकत असतील तर स्थिर बाजूचं पातं हलकेच वाकवून जुळवा, हलत्या पात्याला वाकवायचं नाही. स्क्रू पूर्ण आवळू नका, पॉइंट जोर दिल्यावर सरकेल इतपतच ठेवा.

कंडेन्सर सोबतच बदला. त्याचा स्क्रू मात्र घट्ट हवा आणि खालची जागा स्वच्छ, कारण त्याचं अर्थिंग तिथूनच होतं.

४. गॅप लावा

गॅप मोजायची ती पॉइंट पूर्ण उघडलेला असताना, म्हणजे टाच कॅमच्या कोनाच्या अगदी टोकावर असताना. इंजिन त्या जागेवर आणायचं कसं? सपाट जागेवर गाडी टॉप गियरमध्ये टाका, चारही प्लग काढा म्हणजे कॉम्प्रेशन आडवं येत नाही, चावी बंद आहे याची परत खात्री करा आणि कुणाला तरी गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगा. तुम्ही कॅमवर नजर ठेवून "थांब" म्हणा. रोटर कुठल्या दिशेने फिरतो तेही इथेच बघून ठेवा, पुढे लागेल. सेल्फ मारून अंदाजाने थांबवायचा प्रयत्न करू नका, हवं तिथे इंजिन कधीच थांबत नाही.

आकडे असे आहेत. लुकास टीव्हीएसचा डिस्ट्रिब्युटर असेल तर ०.३५ ते ०.४० मिमी. मूळ फियाटच्या मॅग्नेटी मारेली डिस्ट्रिब्युटरला ०.४२ ते ०.४८ मिमी. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर कंपनीचं नाव असतं, ते पुसून वाचा आणि मगच आकडा ठरवा.

फिलर गेजची पट्टी आधी पेट्रोलने पुसा, कारण तिला तेल लावून ठेवलेलं असतं आणि तेच तेल पॉइंटला लागलं की तो जळतो. पट्टी सरळ आत घाला, बेसप्लेटवर पॉइंट सरकवायला छोटी खाच असते तिच्यात स्क्रू ड्रायव्हर घालून थोडा थोडा फिरवा. पट्टी ओढताना मिटलेल्या वहीतून पट्टी ओढल्यासारखा हलका अडथळा जाणवला की बरोबर. पातं मागे ढकललं जात असेल तर गॅप कमी आहे, पट्टी हलत डुलत असेल तर जास्त.

आता स्क्रू आवळा. आणि आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना पॉइंट सरकतोच. मला अजूनही दोन-तीन वेळा करावं लागतं, यात काही चुकतंय असं समजू नका.

मग गाडी थोडी थोडी ढकलून कॅमच्या उरलेल्या तिन्ही कोनांवर पण गॅप मोजा. चारही जवळपास सारख्या यायला हव्यात. एकावर ०.३५ आणि दुसऱ्यावर ०.५० येत असेल तर दोष पॉइंटचा नाही, दांड्याचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडं, झिजलंय. दांडा बोटांनी आडवा हलवून बघा, खुळखुळला तर बुश बदलून घ्या, तोपर्यंत कितीही पॉइंट लावले तरी गाडी सुरळीत चालणार नाही.

ड्वेल मीटर असेल तर काम अजून पक्कं होतं. चार सिलिंडरच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला कॅमचे ९० अंश येतात, त्यातले साधारण ६० अंश पॉइंट मिटलेला राहायला हवा. ड्वेल कमी दिसला तर गॅप जास्त आहे, ड्वेल जास्त तर गॅप कमी.

५. ग्रीस, पण एवढंसंच

कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस बोटाने पसरवा, नाहीतर टाच महिन्याभरात झिजेल. रोटरच्या खाली दांड्याच्या टोकाला कापसासारखी गादी असेल तर तिच्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं आणि मग जळका वास आणि मिसिंग.

एक स्वच्छ जाड कागद पॉइंटमध्ये घालून ओढून घ्या म्हणजे उरलासुरला मळ निघेल. फडक्याचा बोळा काढा. रोटर परत लावा, हा राहून जातो.

६. आता टायमिंग, आणि आताच

गॅप बदलली की टायमिंग बदलतं. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे जातं, कमी केली की मागे. म्हणून पॉइंट आधी, टायमिंग नंतर, आणि कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी. मला तीन वेळा कार्ब्युरेटरचे पैसे भरावे लागले ते हा क्रम उलटा झाल्यामुळे, आणि माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीत कार्ब्युरेटरच्या नावाने जेवढ्या तक्रारी येतात त्यातल्या कितीतरी पॉइंट-कंडेन्सरच्या असतात.

टेस्ट बल्बने असं करायचं:

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवा आणि गाडी टॉप गियरमध्ये पुढे ढकलायला लावा. बोटाला हवेचा दाब लागला की ते सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे. तसंच सावकाश पुढे नेत पुढच्या पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या टायमिंगच्या खुणेसमोर आणा. खूण ओलांडून गेलात तर बरंच मागे नेऊन परत पुढे आणत खुणेवर या, नुसतं मागे सरकवून जुळवलं तर गियरमधली ढील मोजमापात येते. या वेळी रोटरचं तोंड झाकणातल्या एक नंबरच्या वायरीकडे हवं.

बॅटरी जोडा. बल्बची एक वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला लावा जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला. चावी चालू करा, सेल्फ नाही. पॉइंट मिटलेला असेल तर बल्ब बंद राहील, उघडला की पेटेल.

डिस्ट्रिब्युटरच्या खालचा क्लॅम्प किंचित सैल करा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेला आख्खा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवा, बल्ब विझेल. मग अगदी हळू उलट्या दिशेला आणा. ज्या क्षणी बल्ब पेटला तिथे थांबा, क्लॅम्प आवळा. झालं. परत एकदा तपासा, कारण इथेही आवळताना सरकतं.

चावी चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नका. पॉइंट मिटलेला असेल तर कॉइलमधून साधारण चार अँपिअर सतत वाहत राहतात, कॉइल तापते आणि खराब होऊ शकते.

टायमिंग लाइट असेल तर इंजिन चालू करून त्यानेही बघा, फक्त डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून तिचं तोंड बंद करून मग बघायचं. चालू इंजिनवर काम करताना ओढणी, सैल बाह्या, हातातलं घड्याळ काढून ठेवा, फॅन समोरच असतो. जाड वायरींना उघड्या हाताने धरू नका, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना चालू इंजिनजवळ अजिबात येऊ देऊ नका.

प्लग परत लावण्याआधी त्यांचीही गॅप तपासा, मी ०.६ मिमी ठेवते.

७. रस्त्यावर नेऊन बघा

इंजिन गरम झालं की एखादा चढ घ्या, मी कात्रजच्या जुन्या घाटात नेते. टॉप गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज आला तर टायमिंग पुढे गेलंय, थोडं मागे घ्या. हा आवाज चालवून घेऊ नका, पिस्टनचं नुकसान होतं. सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देत असेल तर तेही याचंच लक्षण. उलट पिकअप नाही, इंजिन लवकर तापतंय, गाडी ओढूनताणून चालतेय असं वाटलं तर टायमिंग मागे आहे. डिस्ट्रिब्युटर फिरवायचा तो एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच.

पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फिटनेसला किंवा पीयूसीला जायचं असेल तर हे सगळं आधी करून जा, मिसिंग मारणाऱ्या गाडीतून न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं आणि रीडिंग वर जातं.

सगळं लावूनही चालू होत नसेल तर

झाकणातली मधली जाड वायर काढा, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून तिचं टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा. आजूबाजूला पेट्रोलचं फडकं नाही ना बघा. पॉइंट मिटलेल्या स्थितीत चावी चालू करून लाकडी काडीने पॉइंट उघडा. निळी चटकदार ठिणगी पडली तर इथपर्यंत सगळं ठीक, मग रोटर, झाकण, वायरींचा क्रम बघा. पिवळी मरतुकडी ठिणगी आणि पॉइंटवरच चमचम दिसली तर कंडेन्सर. नवा कंडेन्सरसुद्धा खराब निघतो, म्हणून जुना चालू असेल तर फेकू नका. ठिणगीच नाही तर पायरी दोनमधले ते वॉशर परत तपासा.

आणि घाटात अडकलात, जवळ काहीच नाही, तर त्या काकांनी केलं तेच करा. काडेपेटीची घासायची बाजू फाडून पॉइंटमध्ये घालून दोन-चार वेळा ओढायची, मग कागदाने पुसायचं. गॅपसाठी दाढीची ब्लेड, एक साधारण ०.१ मिमीची असते, चार एकावर एक धरल्या की ०.४. एवढ्यावर घरापर्यंत येता येतं, पण आल्यावर पॉइंट बदला, काडेपेटीची भुकटी आत राहिलेली असते.

माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता कायम एक डबी असते, त्यात गॅप लावून तपासलेला एक पॉइंट सेट, कंडेन्सर, रोटर, आखूड स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज.

नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला पटकन बसते, म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गॅप नक्की परत मोजा, बहुतेक वेळा थोडी कमी झालेली सापडेल. ती लावली की टायमिंगही परत बघायचं. त्यानंतर मी दर ५००० ला तपासते आणि १०,००० च्या आसपास बदलते, तारीख आणि मीटरचं रीडिंग सन वायझरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवते, बाबांच्या अक्षरातल्या नोंदींच्या खाली.